चोरीस गेलेले डिझेल

यंत्र म्हटले की ते तेल खावयाचेच, अशी आमच्या रावेरकडील शेतकऱ्यांची पक्की समजूत आहे. विहिरीवरील जुन्या इंजिनापासून आजच्या ट्रॅक्टरपर्यंत ज्याने त्याने हेच पाहिलेले. म्हणून आमच्या पिकअप गाडीच्या इंजिनातील तेल कमी न होता उलट वाढू लागले, तेव्हा आम्हांस त्याचे भय न वाटता कौतुकच वाटले. शेजारचे आबा तर म्हणाले, "दुसऱ्यांच्या गाड्या तेल पितात, तुमची दुभती दिसते!" आम्हीही मनसोक्त हसलो. पुढे पंधरा दिवसांनी हसण्याजोगे काही उरले नाही.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी केळीची बाग असेलच. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आपणां सर्वांस आहे. परंतु बागेतून घड बाहेर कसा पडतो हे ज्याने पाहिले आहे, त्यासच आमच्या गाडीचे जिणे समजेल. चिखलवाटेने बागेत जावयाचे, घड भरावयाचे, दोन-तीन किलोमीटरवर उभ्या असलेल्या मोठ्या ट्रकापर्यंत पोचवावयाचे, की पुन्हा माघारी. दिवसातून अशा दहा-बारा खेपा. प्रत्येक थांब्यावर इंजिन बंद करावे, डिझेल फुकट जाळू नये, असा आमचाच सक्त हुकूम होता आणि आमचा चालक तो निमूटपणे पाळीत असे.

इतकी काटकसर चालू असता हिशेबाच्या वहीत मात्र भलतेच दिसू लागले. त्याच खेपांस पूर्वीपेक्षा अधिक डिझेल लागत होते. आमचे वडील, अण्णा, हिशेबाला कडक. त्यांनी तुटीचा आकडा लिहून त्यापुढे चालकाचे नाव टाकले आणि त्यास ओट्यावर बोलाविले. "डिझेल जाते कोठे?" या प्रश्नास तो इतकेच म्हणाला, "अण्णा, मी थेंबभर काढलं असेल तर माझे हात झडोत." मग किल्ली ओट्यावर ठेवून तो चालता झाला. चार वर्षे आमच्या घरचे अन्न खाल्लेला तो मुलगा. आम्ही तेथेच वही घेऊन बसलो होतो. एक अक्षरही बोललो नाही. हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी आम्हीच हाकू लागलो. चालक गेला, तरी डिझेलची तूट काही गेली नाही! तेव्हा कोठे आमचे डोळे उघडू लागले. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून आम्ही तेलाची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलेले. आम्ही तसेच गावातील मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी प्रथम विचारले, "भाऊ, वरून तेल ओतलं का कुणी?" नाही म्हणताच ते म्हणाले, "मग पाणी तरी शिरलं असेल, नाही तर डिझेल." हेड गॅस्केट फुटले म्हणजे रेडिएटरचे पाणी तेलात उतरते आणि तेल दुधाच्या चहासारखे गढूळ होते. आमचे तेल काळेच होते, रेडिएटरही काठोकाठ भरलेला. तरी त्यांनी तापलेल्या लोखंडी पत्र्यावर तेलाचा एक थेंब टाकला. पाणी असते तर तो तडतडला असता. तो नुसता धुरावला. मग त्यांनी टीपकागद मागितला. त्यावर नव्या तेलाचा एक थेंब आणि आमच्या तेलाचा एक. नवे तेल जागच्या जागी बसले. आमचे पाहता पाहता पसरले आणि भोवती फिकट कडे उमटले. पट्टी नाकाशी धरली तो डिझेलचा स्पष्ट वास!

पण चेंबरमध्ये डिझेल आले कोठून? त्याची हकीकत अशी. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडविणारी गाळणी आली. ती गाळणी भरली की काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती आणण्यासाठी पुष्कळ इंजिने पिस्टन खाली जात असता थोडे जादा डिझेल सोडतात. त्यांतील काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटून, रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. लांबच्या प्रवासात हे जळण एकदाचे पुरे होते. आमच्या गाडीचे मात्र दर वेळी अर्ध्यावर मोडे, कारण आमच्याच हुकुमाने इंजिन बंद होई! पुढच्या खेपेस पुन्हा आरंभ, पुन्हा जादा डिझेल. मिस्त्रींनी तपासणीचे यंत्र जोडून अशा अपुऱ्या राहिलेल्या जळणांची मोजदादच आम्हांस दाखविली. पंपाचे सील किंवा इंजेक्टर गळूनही असेच घडते. म्हणून नवे तेल घालून आधी लांब फेरी मारून पाहा, असे त्यांनी बजावले.

पातळ तेलाने बेअरिंग झिजतात, हे तर झालेच. परंतु तेल फार चढले, तर याहून भयंकर प्रसंग येतो. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली सिद्ध केलेल्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेली हवाच इंधन पेटविते. तेव्हा तेलाचे तुषार हवेच्या वाटेने आत ओढले गेले की इंजिन त्यावरच धावू लागते आणि किल्ली फिरविली तरी थांबत नाही. घडांनी भरलेली गाडी बागेच्या उतारावर आहे आणि इंजिन किल्लीला जुमानत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे येताच आमच्या अंगावर काटा उभा राहिला. गाडीत बसणारा तर तोच मुलगा होता.

तेल बदलले. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याने बऱ्हाणपूरपर्यंत न थांबता जाऊन आलो. पट्टीवर तेल जेथल्या तेथे! आठवडाभर मुद्दाम पूर्ववत छोट्या खेपा केल्या, तो तेल पुन्हा चढू लागले. सील वा इंजेक्टर गळते, तर लांबच्या फेरीतही ते वाढले असते. मिस्त्रींनी पुन्हा तेल बदलले आणि आठवड्यातून एकदा लांब फेरी, तसेच गाळणीचा दिवा लागल्यास इंजिन बंद न करणे, अशी पथ्ये सांगितली.

त्या संध्याकाळी अण्णा स्वतः चालकाच्या घरी गेले. आम्ही मागे होतो. त्याच्या आईने चहा ठेवला. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी अण्णा म्हणाले, "डिझेल सापडलं."

"कुठं?"

"इंजिनाच्या पोटात. आम्हीच कोंडलं होतं."

त्याने किल्लीकडे पाहिले, पण हात पुढे केला नाही. "वहीत माझं नाव आहे ना, अण्णा?" तो म्हणाला. अण्णांनी आम्हांस वही आणावयास घरी पिटाळले आणि त्याच्या व त्याच्या आईच्या देखत ती ओळ खोडून टाकली.