ढब्बूचा खडा आणि माझे सुपरफूड

तुमच्या घरी कुत्रा असेल तर एक प्रश्न विचारते. तो दिवसातून किती वेळा शू करतो, हे तुम्हाला पटकन सांगता येईल का? मलाही आलं नसतं. आमचा ढब्बू सात वर्षांचा होईपर्यंत मी ते कधी मोजलंच नव्हतं. आता घरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगतील.

ढब्बू शित्झू जातीचा आहे. नाकापेक्षा केस जास्त आणि अकलेपेक्षा हट्ट जास्त. आम्ही चेन्नईत अण्णा नगरला चौथ्या मजल्यावर राहतो. पप्पा मूळचे विट्याजवळच्या एका गावातले. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पांगली आहेत, त्यांपैकी एक. त्यांचं गलाईचं दुकान सौकारपेटला. मी इथेच वाढले, बीए इंग्लिश केलं आणि आता घरी बसून वेबसाइटसाठी लेख लिहिते. दिवसाला दोन, कधी तीन. केस गळणं, गृहकर्ज, बाळाचे दात, काहीही.

हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण पुढे त्याचाच संबंध येतो.

दोनेक वर्षांपूर्वी मी एक लेख लिहिला होता, कुत्र्यांसाठीच्या दहा सुपरफूडवर. दुसऱ्यांचे पाच लेख उघडून ठेवायचे आणि त्यांतून सहावा तयार करायचा, अशी आमची पद्धत. यादीत पालक पहिला होता, रताळं दुसरं, पीनट बटर चौथं. लेख बरा चालला. मी इतकी खूश झाले की ढब्बूच्या भातात रोज पालकाची प्युरी घालायला लागले. संध्याकाळी रताळ्याचे तुकडे आणि गोळी द्यायची असली की पीनट बटर. इथे बाजारात कीरै म्हणजे पालेभाज्या ढिगाने मिळतात, त्यामुळे पालक नसेल तर आपल्या माठासारखी सिरुकीरै. स्वतः लिहिलेल्या लेखावर विश्वास ठेवणारी मी बहुधा एकमेव लेखिका असेन.

गेल्या मे महिन्यात, अग्नी नक्षत्रम् चालू असताना, म्हणजे इथे उन्हाचा सगळ्यात वाईट काळ असतो तेव्हा, ढब्बू शांती कॉलनीच्या रस्त्यावर प्रत्येक खांबापाशी थांबायला लागला. पाय वर करायचा, दोन थेंब, पुढचा खांब. आम्ही हसलो. तिसऱ्या दिवशी बाल्कनीच्या पांढऱ्या फरशीवर गुलाबी डाग दिसला तेव्हा हसणं थांबलं.

जवळच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. त्यात क्रिस्टल होते, इन्फेक्शनही होतं. त्यांनी अँटिबायोटिक दिलं आणि एक्स-रे काढून घ्या म्हणाले. तीन दिवसांत ढब्बू बरा दिसायला लागला आणि मी एक्स-रे पुढे ढकलला. ही माझी पहिली चूक. दुसरी त्याच रात्री केली. फोनवर वाचलं की कुत्र्यांचे खडे लघवी अल्कधर्मी झाली की होतात, म्हणून ती आम्लधर्मी करा. झालं! आमच्या घरातल्या चघळायच्या नारिंगी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चुरून त्याच्या जेवणात आणि पाण्यात लिंबू. लिंबाचं पाणी त्याने हुंगलं आणि तोंड फिरवलं. म्हणजे ऐन उन्हाळ्यात तो पाणीही कमी प्यायला लागला.

पाच आठवड्यांनी, रात्री अकराच्या सुमाराला, तो बाथरूमच्या दारात कमान करून उभा राहिला. जोर लावत होता आणि काहीच येत नव्हतं. मग उलटी. इथे थोडं थांबून सांगते, कारण हे तुमच्या उपयोगी पडू शकतं. नर कुत्र्याची मूत्रनलिका एका हाडातून जाते आणि तिथे ती रुंद होऊ शकत नाही. बारीक खडा नेमका तिथेच अडकतो. लघवी पूर्ण तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुत्रा जोर लावतोय आणि थेंबही पडत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. अनेकांना ते बद्धकोष्ठ वाटतं. मलाही पहिली दहा मिनिटं तसंच वाटलं होतं.

रात्रभर उघड्या असणाऱ्या एका दवाखान्यात नळी घालून त्याची लघवी मोकळी केली. सकाळी आम्ही त्याला वेपेरीला मद्रास व्हेटर्नरी कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. १९०३ सालचं जुनं कॉलेज आहे ते. रांगेत आमच्या पुढे एक शेळी होती आणि मागे टोपलीत मांजर. एक्स-रेमध्ये मूत्राशयात पांढरे दाणे दिसले, तुरीच्या डाळीएवढे. ऑपरेशन ठरलं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, “काय खातो?” मी सांगायला लागले. पालक म्हणताना आवाज ठणठणीत होता, व्हिटॅमिन सीपर्यंत येता येता बसला. त्या रागावल्या नाहीत. खडा पालकानेच झाला असं म्हणता येणार नाही, म्हणाल्या. शित्झू, ल्हासा अप्सो, मिनिएचर श्नाउझर या जातींत ही प्रवृत्ती मुळातच असते, त्यातून नर आणि मधल्या वयाचा. पण प्रवृत्ती असलेल्या कुत्र्याला तुम्ही रोज कच्चा माल पुरवत होता, एवढं खरं.

मला हे वाक्य अजून अधूनमधून ऐकू येतं.

ऑपरेशन नीट झालं. एका छोट्या बाटलीत नऊ खडे. पप्पांनी बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मी लगेच विचारलं, आता याला काय खायला द्यायचं? डॉक्टर म्हणाल्या, आधी खड्याचं विश्लेषण येऊ दे, तोवर साधं जेवण आणि भरपूर पाणी. मी चिडले. तेवढ्यात पप्पा मराठीत म्हणाले, “अगं, टंच काढल्याशिवाय आम्ही कुणाला भाव सांगतो का?” टंच म्हणजे सोन्याचा कस. दुकानात कुणी पिवळाधमक तुकडा घेऊन आला तरी पप्पा आधी तो तपासतात. रंगावर जाणारा गलाईवाला वर्षभरात गावी परत जातो, असं ते म्हणतात.

ते मला पटलं, आणि मग वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. कारण खडे एका प्रकारचे नसतात आणि एकाचं पथ्य दुसऱ्याला अपाय करतं.

कुत्र्यांत दोन प्रकार जास्त दिसतात. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा. कुत्र्यांत तो बहुतेकदा इन्फेक्शनमुळे होतो. काही जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि खडा जमतो. माद्यांमध्ये हा जास्त. याचं चांगलं असं की अँटिबायोटिक आणि खास आहार यांनी तो बऱ्याचदा काही आठवड्यांत विरघळतो. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेट. हा कोणत्याही अन्नाने विरघळत नाही, बाहेरच काढावा लागतो. आणि लघवी आम्लधर्मी असेल तर याचा धोका उलट वाढतो. व्हिटॅमिन सीचं तर शरीरात ऑक्झलेटच होतं. म्हणजे मी पहिल्या खड्याचं औषध दुसऱ्या खड्याला घालत होते. तेही ज्यात ऑक्झलेट खच्चून भरलेलं असतं त्या पालकाबरोबर.

शिवाय डाल्मेशियनचा युरेट खडा वेगळाच. त्या जातीत युरिक आम्ल हाताळण्यातच जन्मजात दोष असतो, तिथे काळीज, कलेजी, तारली असं प्युरीनवालं खाणं टाळावं लागतं. यकृताच्या काही आजारांतही तो होतो. सिस्टिनचा खडा आणखी वेगळा. तेव्हा “मुतखड्याच्या कुत्र्याला काय द्यावं” या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात खडे तपासणारं एक केंद्र आहे, १९८१ साली डॉ. कार्ल ऑस्बोर्न यांनी सुरू केलेलं. सुरुवातीला त्यांच्याकडे येणाऱ्या कुत्र्यांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइट पुष्कळ आणि ऑक्झलेट थोडे असायचे. पुढच्या काही दशकांत ऑक्झलेटचं प्रमाण खूप वाढलं. स्ट्रुव्हाइट टाळण्यासाठी लघवी आम्लधर्मी करणारं खाद्य सर्रास दिलं जाऊ लागलं, हे त्यामागचं एक कारण असावं असं संशोधक मानतात. माझ्या स्वयंपाकघरात जे झालं ते मोठ्या प्रमाणावर आधीच होऊन गेलं होतं तर.

आमचा रिपोर्ट आला. कॅल्शियम ऑक्झलेट, आतून बाहेरून तोच.

आता सल्ले. आजीचा विट्याहून फोन आला, “पोरी, कुळीथ शिजवून त्याचं पाणी दे की त्याला. तुझ्या आज्ज्याचा खडा असाच पडला हुता.” शेजारच्या पाट्टी (तमिळमध्ये आजी) केळीच्या खांबाचा गाभा घेऊन दारात उभ्या, वाळैत्तंडुचा रस काढून द्या म्हणून. आणि कुळीथ म्हणजे तमिळ कोळ्ळु, त्याचं रसमही त्यांनीच सुचवलं. दोन आज्या, मध्ये हजारेक किलोमीटर आणि औषध एकच! मला दोघींचं प्रेम दिसत होतं, पण या वेळी मी तो गाभा आमच्याच कूटूमध्ये घातला, ढब्बूच्या वाटीत नाही. रसमात आणि सांबारात लसूण-कांदा असतो, तोही कुत्र्याला विषारी, हे पाट्टींना सांगावं लागलं. त्या चकित झाल्या. कॉलनीतल्या निम्म्या कुत्र्यांना सांबारभात मिळतो.

मग आम्ही काय निवडलं? डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, रॉयल कॅनिन किंवा हिल्स यांसारख्या कंपन्यांचं मूत्रविकारांसाठीचं खाद्य, पण तेही “युरिनरी” एवढंच वाचून घ्यायचं नाही. ते कोणत्या खड्यासाठी आहे ते डॉक्टरांनीच ठरवायचं. दुसरी, घरचं जेवण, पण त्यांनी बसवून दिलेल्या प्रमाणात. नुसता चिकन-भात हा संतुलित आहार नाही, त्यात कॅल्शियम फार कमी पडतं. इथे मला वाटलं, खडा कॅल्शियमचा, मग कमी असलेलं बरंच की. चूक. जेवणात कॅल्शियम फार कमी असेल तर आतड्यात ऑक्झलेटला बांधून ठेवणारं काही उरत नाही, ते जास्त शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. म्हणून ना फार कमी, ना वरून गोळ्या. इथल्या प्रत्येक घरात उरलेला दहीभात कुत्र्याला जातो, तोही किती द्यायचा ते विचारूनच.

आम्ही मिश्र वाट धरली. सकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं डबाबंद ओलं खाद्य, संध्याकाळी त्यांनी लिहून दिलेल्या मापाने घरचं. चिकन, भात, दुधी, कधी काकडी किंवा कोबी, आणि मोजून दिलेली पूरक पावडर. पालक, माठ, रताळं, बीट, शेंगदाणे, सोया बंद. व्हिटॅमिन सी आणि डी बंद. तुमच्या कुत्र्याला हेच प्रमाण लागू पडेल असं नाही, म्हणून मापं लिहीत नाही.

पण खरं सांगू, या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट पाणी निघाली. कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम दहा टक्के, डब्यातल्यात पंचाहत्तरच्या वर. लघवी जितकी पातळ तितका क्षार साका धरत नाही. डॉक्टर तिची घनता मोजतात, ढब्बूसाठी ती १.०२० च्या खाली ठेवायची आहे. त्यामुळे त्याच्या प्रत्येक जेवणात आम्ही इतकं पाणी ओततो की ते चिकन-भाताचं सार होतं. घरात चार ठिकाणी वाट्या आहेत. वीस लिटरचा कॅन आमच्याकडे आता दीड दिवस लवकर संपतो आणि आई त्याचा हिशेब ढब्बूच्या नावावर लिहिते.

पाणी जास्त म्हणजे शू जास्त. चौथ्या मजल्यावर राहून ती दिवसातून दोनदाच करायला लावायची, म्हणजे पुन्हा मूत्राशयात साठवण. म्हणून पाच फेऱ्या. पप्पा सकाळी सहाला आणि रात्री दहाला, आई साडेदहाला, मी तीनला आणि सातला. दर काही महिन्यांनी लघवी आणि एक्स-रे. कारण दोन-तीन वर्षांत साधारण निम्म्या कुत्र्यांमध्ये हा खडा परत होतो, सगळं पथ्य पाळूनही. बारीक असतानाच दिसला तर ऑपरेशनशिवाय, पाण्याच्या जोराने बाहेर काढता येण्याची शक्यता असते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला. दुसरा पुढच्या महिन्यात आहे आणि मला आत्तापासून धास्ती वाटते.

त्या लेखाचं सांगायचं राहिलं. मी त्या वेबसाइटला मेल केला. उत्तर आलं नाही. दुसरा केला, तिसऱ्यात ढब्बूचा एक्स-रे जोडला. मग पालकाच्या खाली एक ओळ आली, “मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यांना देऊ नये.” बाकी यादी तशीच. त्याचे स्क्रीनशॉट मात्र अजून फिरत असतात, मागच्या आठवड्यात आमच्याच कॉलनीच्या ग्रुपवर आला. माझं नाव त्यावर नाही. मी लिहिलं की हा लेख माझा आहे आणि तो कसा लिहिला तेही सांगितलं. काहींनी हात जोडलेले इमोजी टाकले. एका काकूंनी खाली विचारलं, मग आमच्या लॅब्रॅडॉरला रताळं चालेल का? त्यांना फोन करून सांगितलं की त्याला खड्याचा त्रास नसेल तर थोडं चालतं, पण एकदा तुमच्या डॉक्टरांना विचारा. “तू नक्की सांग ना, तूच लिहिलंयस,” म्हणाल्या.

तीन वाजलेत. ढब्बू पट्टा तोंडात धरून दारापाशी बसलाय. येते.