खाडीच्या मुखाशी वेसावे

अंधेरी स्थानकाच्या पश्चिमेकडून निघालेला जयप्रकाश रस्ता चार बंगला, सात बंगला अशी नावे मागे टाकीत जिथे समुद्राला जाऊन टेकतो, तिथे वेसावे हे कोळ्यांचे गाव जमिनीच्या एका निमुळत्या पट्टीवर वसलेले आहे. या पट्टीच्या एका अंगाला अरबी समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी. आरे परिसराच्या डोंगराळ भागातून उतरणारी ओशिवरा नदी या खाडीला मिळते, आणि खाडी पुढे तिवरांच्या रानातून वाट काढीत वेसावे व मढ यांच्यामधून समुद्रात शिरते. शहराच्या नकाशावर ‘वर्सोवा’ म्हणून ओळखले जाणारे उपनगर आज कितीतरी दूरवर पसरले असले, तरी त्याचे मूळ या खाडीच्या मुखापाशीच शोधावे लागते, कारण किल्ला, बंदर, देऊळ, बाजार, यांपैकी जे जे इथे उभे राहिले ते या मुखाच्या आधाराने उभे राहिले.

वेसाव्याचा किल्ला वेसाव्यात नाही, याचे नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. तो खाडीपलीकडे, मढच्या टोकाला आहे. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत ज्या जागेवरून दिसेल ती जागा पलीकडच्या खडकावर होती, म्हणून पोर्तुगिजांनी तटबंदी तिथे बांधली आणि नाव मात्र अलीकडच्या बंदराचे दिले. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला 1661 साली आंदण मिळाले ते मुंबई बेट. माहीमच्या खाडीपलीकडचा साष्टी, म्हणजे आजच्या वांद्र्यापासून ठाण्यापर्यंतचा मुलूख, पोर्तुगिजांकडेच राहिला, आणि त्यामुळे वेसाव्याचा हा पहारा दोन युरोपीय सत्तांच्या शेजारात महत्त्वाचा ठरला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, वसई पडण्याच्या काही महिने आधी, फेब्रुवारी 1739 मध्ये हा किल्ला मराठ्यांनी घेतला. 1774 साली इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेताना तो त्यांच्या ताब्यात गेला, आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरचा त्यांचा हक्क कायम झाला. आज त्याची बाहेरची भिंत टिकून आहे, आतले छप्पर नाहीसे झाले आहे, आणि जागा भारतीय वायुदलाच्या ताब्यात आहे. चाळीस वर्षांहून कमी काळात दोनदा मालक बदललेल्या त्या दगडांपेक्षा समोरच्या पाण्यावरचा व्यवहार अधिक चिवट निघाला, आणि वेसाव्याचा खरा इतिहास तिथेच वाचायला हवा.

हा व्यवहार मुख्यतः डोल जाळ्याचा आहे. डोल म्हणजे रुंद तोंडाचे आणि मागे निमुळते होत गेलेले, पिशवीसारखे लांब जाळे. ते माशांच्या मागे ओढीत न्यायचे नसते, तर समुद्राच्या तळाशी घट्ट रोवलेल्या आधाराला बांधून प्रवाहाच्या तोंडी धरायचे असते, म्हणजे भरती-ओहोटीचे पाणीच मासळी आत आणून सोडते. पाणी वळण्याच्या सुमारास, प्रवाह क्षणभर सैल पडतो तेव्हा, जाळे उचलून घ्यावे लागते, आणि म्हणून या धंद्यात होडीइतकेच तिथीचे ज्ञान मोलाचे असते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाण येते, प्रवाहाला जोर असतो आणि डोल भरते. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद होते, त्याला भांग म्हणतात, आणि त्या दिवसांत जाळी विणण्या-सांधण्याची व होड्यांच्या डागडुजीची कामे निघतात. चंद्राच्या कलांवर आखलेले हे वेळापत्रक कोणत्याही राजवटीने घालून दिलेले नव्हते, आणि कोणत्याही राजवटीला ते बदलताही आले नाही.

डोलीत येणारे बोंबील, जवळा, करंदी, मांदेली हे मोठ्या हॉटेलांत मिरवणारे मासे नव्हेत, परंतु मुंबईच्या गरीब आणि मध्यम घरांचे पावसाळी जेवण त्यांच्यावर चालत आले आहे. बोंबलाच्या अंगात पाणी फार असल्याने तो ताजा फार वेळ टिकत नाही. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या उंच मांडवांवर ताणलेल्या दोरीवर टांगतात आणि पाऊस सरल्यानंतरच्या कोरड्या वाऱ्यात, कडक उन्हात वाळवतात. जवळा जमिनीवर पसरून वाळवला जातो. सोलणे, निवडणे, टांगणे, उलटवणे, राखणे आणि शेवटी टोपलीत भरून बाजारात नेऊन विकणे, ही सारी कामे प्रामुख्याने कोळणींची; दर्यावरचा पुरुष जे आणतो त्याचा पैसा होतो तो त्यांच्या हातून आणि त्यांच्या जिभेच्या धारेवर. वाळवणाच्या मोकळ्या जागेशिवाय हा धंदा उभा राहू शकत नाही, हे शहराच्या नियोजनात सहज विसरले जाते, कारण नकाशावर ती जागा रिकामी दिसते.

मांडवी, डोंगरी, बाजार अशा गल्ल्यांत विभागलेल्या या कोळीवाड्यात हिंगळाजदेवीचे देऊळ आहे. या देवीचे आद्य स्थान आज पाकिस्तानात असलेल्या बलुचिस्तानात, मकरान किनाऱ्यामागच्या डोंगरांत, म्हणजे याच अरबी समुद्राच्या वरच्या काठाला आहे. एकाच पाण्याच्या दोन किनाऱ्यांवर एका देवीचे नाव घेतले जावे, ही गोष्ट वेसावे किती दूरवरच्या जगाशी जोडलेले आहे हे कोणत्याही शिलालेखाहून स्पष्ट सांगते. नारळी पौर्णिमेला सोनेरी वेष्टनाचा नारळ वाजतगाजत खाडीकाठी नेऊन समुद्राला अर्पण करतात, आणि ‘वेसावकर आणि मंडळी’ या संचाने तर इथल्या लग्न-सणांची गाणी कोळीवाड्याबाहेर महाराष्ट्रभर नेली.

गावाभोवतीचे शहर मात्र टप्प्याटप्प्याने आले. मुंबईतील धनिकांनी हवापालटासाठी समुद्राकाठी बांधलेले ते सात बंगले, त्यांतले बहुतेक पाडले गेले आणि नाव तेवढे बसथांब्यांना उरले. 1961 साली मुंबईत स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने पुढे इथेच पाय रोवले, तिला 1989 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्रयोगशाळेतले मत्स्यशास्त्र आणि पिढीजात मत्स्यज्ञान एकाच परिसरात नांदावे, असा योग दुर्मीळच. 8 जून 2014 रोजी सुरू झालेली घाटकोपरपर्यंतची मेट्रो ‘वर्सोवा’ स्थानकातून सुटते, पण ते स्थानकही कोळीवाड्यापासून बरेच अलीकडे आहे.

या वाढीचा भार खाडीने सोसला. उपनगरांचे सांडपाणी आणि कचरा तिच्यातून वाहू लागला, गाळ साचत गेला, आणि ओहोटीला होड्या चिखलात रुतून भरतीची वाट पाहत थांबू लागल्या; गाळ काढावा ही मच्छीमारांची मागणी जुनी आहे. समुद्राकडच्या पुळणीवर ऑक्टोबर 2015 पासून वकील अफरोज शाह आणि त्यांच्यासोबतच्या नागरिकांनी आठवड्यामागून आठवडे कचरा उचलला, आणि मार्च 2018 मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे गेली, तेव्हा किनारा बरा होऊ शकतो याचा पुरावा मिळाला. खाडीला मात्र तेवढे भाग्य अजून लाभलेले नाही, आणि मासे तर तिच्यावर अवलंबून आहेत, कारण तिवरांच्या मुळांशी अनेक जातींची पिल्ले वाढतात.

आता वांद्र्याहून येणारा सागरी सेतू, वेसावे आणि मढ यांना जोडणारा पूल, उत्तरेकडे जाणारा किनारी रस्ता, अशी सारी बांधकामे याच मुखाभोवती एकवटत आहेत. आज तरीच्या बोटीतून काही मिनिटांत ओलांडता येणारी खाडी गाडीने मालाडचा वळसा घालून पार करायला वीसएक किलोमीटर जावे लागते, तेव्हा पुलाची गरज मढ-एरंगळच्या रहिवाशांना आहे हे नाकारता येत नाही. परंतु खांबांमुळे प्रवाह कुठे वळेल, गाळ कुठे बसेल आणि डोल लावायची कुणाची जागा निकामी होईल, हे प्रश्न कोळ्यांनी विचारले आहेत, आणि ते या पाण्याच्या सर्वांत जुन्या अभ्यासकांचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे बांधकामाआधी मिळायला हवीत, आणि कोळीवाड्याच्या सीमा आखताना घरांच्या भिंतींबरोबर होड्या ओढण्याची, जाळी सांधण्याची आणि बोंबील वाळवण्याची जागाही कागदावर गावाच्या नावे नोंदली जायला हवी.