दोघींचा पत्ता एकच कसा?

प्रिय सुमन,

तुझ्या टोरंटोच्या लॅपटॉपचा आयपी पत्ता १९२.१६८.१.५ आणि माझ्या सांगलीच्या लॅपटॉपचाही तोच, मग एकीचं टपाल दुसरीकडे जात कसं नाही, हा तुझा प्रश्न मला फार आवडला. लेकाला विचारलंस तर म्हणे, ‘आई, ते तसंच असतं!’ इंजिनिअर ना तो!

अगं, तो पत्ता घरातल्या घरात चालणारा. फ्लॅट नंबर १०१ तुमच्या इमारतीत आहे, आमच्या सोसायटीतही आहे, तसंच. १०ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१पर्यंतचे आणि १९२.१६८चे पत्ते असे घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. तुझा राउटर तुझं पाकीट बाहेर सोडताना त्यावरचा पत्ता खोडून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो आणि ‘हे कोणाचं’ ते पोर्ट नंबरासकट आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो. उत्तर आलं की तक्ता बघून ते तुझ्या लॅपटॉपकडे. याला ‘नॅट’ म्हणतात.

ही उठाठेव का? तर टंचाई. आयपीची चौथी आवृत्ती १९८१ची. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते अफाट वाटले असणार, कारण वाटप दिलदारपणे झालं. १८ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, एक कोटी सदुसष्ट लाखांहून जास्त पत्ते, एकट्या एमआयटीकडे होते! २०१७मध्ये त्यांनी त्यातले बरेच अ‍ॅमेझॉनला विकले. जमिनीसारखाच व्यवहार, फक्त सातबारा नाही. त्याआधीच, फेब्रुवारी २०११मध्ये, मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले होते.

आता खरी गंमत. तुझ्या लॅपटॉपला आणखी एक पत्ता असतो, मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा, कारखान्यातच वायफायच्या चिपला मिळालेला. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणारी कंपनी कळते. (हल्लीचे फोन मात्र चलाख. प्रत्येक वायफायला वेगळाच खोटा मॅक देतात, म्हणजे मॉलमध्ये कोणाला तुझा माग काढता येऊ नये.) तू मला फोटो पाठवलास की तुझा मॅक पत्ता तुमच्या राउटरपर्यंतच जातो. राउटर मॅक पत्त्याचं बाहेरचं वेष्टन काढून टाकतो, आतला आयपी पत्ता वाचतो आणि पुढच्या टप्प्यासाठी नवं वेष्टन चढवतो. समुद्राखालच्या केबलपर्यंत आणि पुढेही दर राउटरवर हेच. मधल्या कोणालाही तुझ्या लॅपटॉपचा मॅक ठाऊक नसतो, आणि तो लागतही नाही.

थर म्हणतात ते हेच. प्रत्येक थर आपल्यापुरतं वाचतो, बाकीचं न उघडता पुढे देतो. आयपी फक्त रस्ता बघतं; पोचवण्याची हमी देत नाही. हरवलेला तुकडा पुन्हा मागवणं, सगळे क्रमाने लावणं, हे वरच्या टीसीपीचं काम. व्हिडिओ कॉलला मात्र बहुधा यूडीपी असतं. ते हरवलेल्याची वाट बघत बसत नाही. म्हणून बोलणं चालू राहतं आणि मधेच तुझ्या चेहऱ्याचे चौकोन होतात.

पॉलिटेक्निकमध्ये मी वर्षानुवर्षं ओएसआय नमुन्याचे सात थर मुलांकडून घोकून घेतले. परीक्षेत हमखास आठ मार्कांना! पण ते सात थर १९८४मध्ये प्रमाण म्हणून छापले गेले तोवर, १ जानेवारी १९८३ला, इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेलंही होतं. त्या सातांतले सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर प्रत्यक्षात वेगळे काढून दाखव म्हटलं तर माझीही पंचाईत होईल. टीसीपी-आयपीच्या चार थरांत सगळं भागतं.

पत्त्यांच्या टंचाईवरचा खरा उपाय आयपीची सहावी आवृत्ती, १२८ बिटांची. तिथे प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, खोडाखोड नको. आपल्याकडे मोबाइलवर ती सर्रास झाली आहे. कदाचित माझा फोन याबाबतीत तुझ्या घरापेक्षा पुढारलेला असेल!

आता एक काम कर. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघड, ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा आणि पुढे एखाद्या संकेतस्थळाचं नाव दे. वाटेतले राउटर एकेका ओळीत दिसतील. काही ओळींत नुसते तारे आले तर घाबरू नकोस. त्या राउटरकडून वेळेत उत्तर आलं नाही, एवढंच. पडद्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मी ओळी लावून देते. आणि लेकालाही शेजारी बसव.

तुझी,
नीला