रॅम्प संपतो तिथे
कायद्याची भाषा मला फार आवडते. शंका कशी ती तिला माहीतच नसते! दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाच घ्या ना. १९९५ च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे ७ प्रकार त्याने २१ केले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. आणि शाळेची इमारत, आवार, सोयी त्याला वापरता आल्या पाहिजेत, असे १६ व्या कलमात बजावून सांगितले.

आमच्या शाळेतही रॅम्प झाला. तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प आहे काय?’ यापुढे ‘होय’ लिहिताना हात कसा ऐटीत चालतो! तो रॅम्प जातो कुठवर, हे मात्र तक्ता विचारीत नाही.

सातवीतली एक मुलगी चाकांच्या खुर्चीतून येते. रॅम्पवरून थेट वर्गात. मधल्या सुट्टीत साऱ्या पोरी नळावर झोंबतात. ही पाणी पीत नाही. “तहान नाही, बाई,” म्हणते. तहान कशी नसेल? पण स्वच्छतागृहापुढे दोन पायऱ्या आहेत! कोरड्या घशाने ती भूगोलाच्या तासाला नद्यांची नावे सांगते.

मी गवंड्याला विचारले. “दीड दिवसाचं काम, बाई,” तो म्हणाला. मंजुरीचा कागद जूनपासून फिरतो आहे. आता दिवाळीची सुट्टी आहे, शाळा रिकामी आहे. साहेब, तेवढी सही कराल का? तक्त्यात रकाना नसला तरी चालेल.