एकेक डोळा झाकून बघा!

फोनवर नजर तपासता येते हे ऐकून होतो. पण ती इतकी चोख तपासली जाते, हे जालना जिल्ह्यातल्या अंबडला आत्याच्या ओसरीवर डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय!

पीक ॲक्युइटी नावाचं मोफत ॲप. पडद्यावर एकच इंग्रजी ‘ई’. कधी तिचे दाते वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. समोरच्यानं दोन मीटरवर बसून हातानं दिशा दाखवायची, फोन धरणाऱ्यानं त्याच दिशेला पडद्यावर बोट फिरवायचं. अक्षर बारीक होत जातं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमतं! आणि खरी खुबी पुढेच आहे: फोन धरणाऱ्यानं पडद्याकडे बघायचंच नाही, म्हणजे नकळतसुद्धा इशारा जात नाही.

आत्या म्हणाली, “मला काय झालंय रे? मोसंबीच्या बागेतून रस्त्यावरचा माणूस वळखते मी.” दोन्ही डोळ्यांनी तिनं भराभर दिशा दाखवल्या. मग उजवा डोळा तळहातानं झाकला. अक्षर चांगलं मोठं होतं, तरी तिचा हात अधांतरीच राहिला. “आगं बाई, समदं धुरकट दिसतंय की!”

पुढे डॉक्टरांनी तपासून मोतीबिंदू सांगितला.

आत्या खोटं बोलत नव्हती. एक डोळा अधू झाला की दुसरा सगळं निभावून नेतो आणि माणसाला पत्ताच लागत नाही. “नीट दिसतं का?” या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच भरवशाचं नसतं, “दिशा दाखव” म्हटलं की खरं काय ते बाहेर येतं. केनियातल्या नाकुरू भागात लोकांच्या घरी जाऊन या ॲपची पारख झाली. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फोनचे निकाल दवाखान्यातल्या तक्त्यांच्या अगदी जवळ आले!

मात्र काचबिंदू असला किंवा मधुमेहानं डोळ्याचा पडदा बिघडू लागला, तरी सुरुवातीला अक्षरं स्वच्छ दिसू शकतात. तिथे डॉक्टरांची तपासणीच हवी.

म्हणून सांगतो, आजच घरातल्या थोरल्यांना समोर बसवा, एकेक डोळा झाकून बघा. कुठे फरक वाटला तर थांबू नका. जालन्यात जिल्हा रुग्णालय आहे, श्री गणपती नेत्रालय आहे. मोतीबिंदूनं गेलेली नजर शस्त्रक्रियेनं बहुतेकदा परत मिळते. फक्त ती गेलीय हे वेळेत कळायला हवं.