परसातली गजकर्णी

पोलादपूरचा पाऊस जूनमध्ये मुक्कामाला येतो आणि नवरात्र तोंडावर आलं तरी उठायचं नाव घेत नाही. मागे महाबळेश्वरचा डोंगर, पुढ्यात सावित्री, आणि मधल्या उतारावर आमची वाडी. इरल्याखाली पाठ तेवढी कोरडी राहायची. कमरेखालचं सगळं ओलंच, तेही लावणी उरकेपर्यंत. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आणि जांघेत, काखेत, करगोट्याखाली गजकर्ण. ज्याला कधी गजकर्ण झालं नाही त्याने शेतीही केली नाही, असं आमच्याकडे खुशाल समजावं.

औषध परसात होतं. न्हाणीचं पाणी जिथे वाहत जायचं तिथे, अळूच्या पलीकडे, गजकर्णीची दोन-चार झुडपं उभी असायची. कमरेएवढी उंची, समोरासमोर लांबट पानं. एरवी तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. थंडी पडू लागली की मात्र तिला फुलं यायची: पांढरीशुभ्र, बारीक लांब नळीची, वरची पाकळी अरुंद आणि खालची तीन भागांत पसरलेली. उडत्या बगळ्यांचा थवा झुडपावर उतरलाय असं वाटे. अडुळसा, कोरांटी, अबोली आणि ही गजकर्णी, सगळी एकाच कुळातली. त्यातली अबोली आजीच्या अंबाड्यात जायची, अडुळसा काढ्यात. गजकर्णीच्या वाट्याला आमची खाजरी अंगं आली.

दिवाळीची पहिली आंघोळ हा आमच्या घरी तपासणीचा दिवस असे. पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटायचं, नंतर पाटावर बसवून आजी तेल लावायची. लावता लावता तिची बोटं कमरेवर थबकली की आम्ही समजायचो. पावसाळ्यात लपवलेला एखादा गोल चट्टा, कडा लाल आणि मधे निवळलेला, तिच्या हाताला बरोबर लागायचा. उटणं बाजूला राहायचं आणि फर्मान सुटायचं, "जा रं, गजकर्णीची मुळी आण."

मुळी खणून, धुऊन, सहाणेवर लिंबाच्या रसात उगाळायची. लिंबू आणि ओल्या मुळीचा उग्र वास नाकात बसायचा. मुळी काढायची नसेल तर पानं पाट्यावर वाटायची. रात्री निजताना लेप लागला की पहिला क्षण बरा जाई, मग जी आग सुटे! ओरडलो तर उत्तर ठरलेलं, "गप बस. झोंबतंय म्हंजे लागू पडतंय."

पण लेपाइतकाच आजीचा कायदा कडक होता. चट्टेवाल्याचा पंचा वेगळा, घोंगडी वेगळी. त्याचे कपडे उकळत्या पाण्यातून काढून चुलीच्या वर बांधलेल्या बांबूवर वाळायचे. धुराचा वास चालेल, पण ओल नको. गजकर्ण ही बुरशी, आणि ती दमट कातडीवर पोसते. त्यामुळे आमची कातडी साफ व्हायची त्याचं निम्मं श्रेय मी त्या बांबूला देतो. आजीला हे पटलं नसतं.

मुळीची बाजूही लंगडी नाही. तिच्यात ऱ्हायनाकॅन्थिन नावाची द्रव्यं सापडली आहेत. मेंदीत रंग देणारं द्रव्य ज्या नॅफ्थोक्विनोन गटातलं, त्याच गटातली ही. प्रयोगशाळेत ती बुरशीची वाढ रोखतात. थायलंडमध्येही ही वनस्पती त्वचेच्या विकारांवर पूर्वापार वापरात आहे.

महाडला आत्या राहायची. तिच्याकडे सुट्टीत गेलो की इलाज बदलायचा. सावित्रीकाठच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर अंघोळीला नेत. कातडीच्या तक्रारी घेऊन लांबलांबची माणसं तिथे यायची. आम्हाला रोगापेक्षा त्या वाफाळत्या पाण्यात पाय सोडून बसण्यात रस. आत्याच्या अंगणातही गजकर्णी होती, आमच्याच परसातली फांदी नेऊन लावलेली. 22 जुलै 2021च्या पुरात महाड बुडालं, तेव्हा अंगणासकट ती गाळाखाली गेली. वाडीतल्या झुडपांचं मरण साधं होतं: परसात सिमेंटचा कोबा झाला.

आता गावात गजकर्ण झालं की पोरं मेडिकलमधून ट्यूब आणतात. त्यातल्या अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा फिका पडतो आणि महिनाभरात दुप्पट होऊन परततो. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षं हेच ओरडून सांगताहेत. नेहमीच्या गोळ्यांना न जुमानणारी बुरशीची एक जातही आपल्याकडे फैलावली आहे. तिच्यापुढे आजीची सहाण पुरी पडेल असा माझा दावा नाही.

तरी यंदा दिवाळीला गावी जाल तेव्हा जुन्या परसांतून चौकशी करा. जाणत्या माणसाकडून झाड ओळखून घ्या आणि पाऊस सुरू होताना फांदी मागून आणून सांडपाण्याच्या कडेला खोचा. ती सहज धरते. मात्र लेप चेहऱ्याला, जांघेच्या नाजूक कातडीला, खाजवून सोललेल्या जागी किंवा लहान मुलांना लावू नका. चट्टा पसरत असेल तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, आणि घरात कुणालाही झालं असेल तर पंचा आजपासूनच वेगळा ठेवा.