आधी धडा करावा

आमचे किराणा दुकान आप्पांच्या वेळेपासूनचे. माझ्या लहानपणी पुडे बांधण्यासाठी रद्दी आणली जाई आणि तीत कधीमधी एखादे गुळगुळीत, रंगीत विदेशी मासिक निघे. अशाच एका पानावर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या पत्नी जॅकलिन हत्तीवर बसलेल्या दिसल्या. मार्च १९६२ मध्ये त्या भारतात आल्या होत्या, त्या वेळचे जयपूरजवळील आमेरचे ते छायाचित्र. मी ते कापून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावले. उरलेल्या पानांत हळद बांधू लागलो, तेव्हा आप्पांनी माझा हात धरला. ते म्हणाले, “बाळ, हा कागद जड आहे. आधी धडा कर. गिऱ्हाइकाला हळद द्यायची आहे, कागद नव्हे.”

भिंतीवरच्या त्या छायाचित्राचा धडा मात्र मी पुष्कळ वर्षे केला नाही.

पुढे वाचनातून काही गोष्टी उमगत गेल्या. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी आणि रिचर्ड निक्सन या दोन उमेदवारांची चर्चा प्रथमच दूरचित्रवाणीवर झाली. सुमारे ७ कोटी लोकांनी ती पाहिली. निक्सन काही दिवसांपूर्वीच रुग्णालयातून बाहेर आले होते. चेहरा ओढलेला, करडा कोट मागच्या भिंतीत मिसळून गेलेला. समोर उन्हात रापलेले, तरतरीत केनेडी. ते निवडून आले तेव्हा देशभरातील एकूण मतांत दोघांमधील अंतर सव्वा लाखाहूनही कमी होते. १४ फेब्रुवारी १९६२ रोजी जॅकलिन यांनी दूरचित्रवाणीवरून कोट्यवधी लोकांना व्हाइट हाऊस फिरवून दाखविले. राज्यकारभाराची वास्तू लोकांनी चित्रपटातील राजवाडा पाहावा तशी पाहिली.

त्या तरतरीत चेहऱ्यामागे ॲडिसनचा आजार आणि पाठीचे जुने दुखणे होते. निवडणुकीच्या काळात केनेडींच्या गोटाने त्या आजाराचा इन्कार केला होता. २००२ साली इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांनी वैद्यकीय नोंदी तपासल्या, तेव्हा दुखण्याचे खरे स्वरूप जगापुढे आले. केनेडींच्या खात्यात जमेच्या बाजूला काही नव्हते, असे नाही. १९६२ च्या चिनी आक्रमणात त्यांनी भारताला शस्त्रे पाठविली; १९६३ मध्ये अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार केला. नावेच्या बाजूला क्यूबावरील १९६१ ची फसलेली चढाई आहे. पण भिंतीवरचे चित्र पाहताना मी त्या खात्याचे पान कधी उघडलेच नव्हते.

हे सारे आठवण्याचे कारण घरातलेच. गेल्या वर्षी आमच्या भागातील एका नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी निघाली. पानभर छायाचित्रे: नवा बंगला, मुलाच्या विवाहास आलेले तारे-तारका, परदेशातील सहल. तळाशी शुभेच्छुकांच्या यादीत आमच्या पेढीचे नाव होते. जाहिरातीचे पैसे मीच दिले होते. नातीने पुरवणी चाळली आणि विचारले, “आजोबा, यांनी काम काय केले?”

बंगल्याच्या संगमरवरापासून विवाहातील पंगतीपर्यंत मला सर्व ठाऊक होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याजवळ नव्हते.

त्यानंतर ऐन चातुर्मासात बाजारपेठेतील तुंबलेल्या गटाराचे पाणी दुकानांत शिरले. आमची पोती फळ्यांवर होती, म्हणून वाचली. शेजारच्या धान्यवाल्याचा वर्षभराचा साठा भिजला. त्याचे ओले गहू रस्त्यावर पसरलेले पाहताना मला शरम वाटली. गटाराचे काम अनेक वर्षे रखडले होते आणि त्याविषयी मी एकदाही विचारणा केली नव्हती. पुरवणीसाठी पैसे मात्र विनातक्रार दिले होते. वर्तमानपत्रे आणि पडदा वेष्टन रंगवितात हे खरे. परंतु त्या रंगाचा खर्च आपणच उचलतो आणि तराजूही आपल्याच हाती असतो.

यंदा पुरवणीसाठी माणूस आला, तेव्हा नातीला जवळ बसवून मी मजकूर लिहून दिला: “वाढदिवसाच्या शुभेच्छा. बाजारपेठेतील गटाराचे काम या पावसाळ्यापूर्वी पूर्ण व्हावे, ही विनंती.” त्याने तो दोनदा वाचला आणि “वर विचारून सांगतो, शेठजी” असे म्हणून निघून गेला.

अद्याप त्याचा निरोप आलेला नाही. पैसे गल्ल्यात बाजूला काढून ठेवले आहेत.